बर्ग्यांची म्हणून सांगितलेली बंदूक

आम्ही कलकत्त्याला गेलो ते एकोणसत्तरच्या शेवटी. यांची बँकेत बदली झाली होती आणि आमच्या लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते. राजापूरच्या पलीकडचं माझं गाव, शिक्षणापुरती रत्नागिरी आणि लग्नानंतरचं पुणं, एवढंच माझं जग. बालीगंजमधल्या एका जुन्या दुमजली घराचा वरचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला. खाली घरमालकीण एकट्याच राहत. साठी गाठलेल्या, विधवा, मूलबाळ नाही. सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणे, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणू लागले. त्या मला पहिल्या दिवसापासून बौमा म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. आमचं बोलणं थोडं हिंदी, थोडं बंगाली आणि उरलेलं हातवाऱ्यांवर चाले. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, कारण इतक्या वर्षांनी मला ते मराठीतच आठवतं.

पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली. हे सकाळी साडेनऊला बँकेत जायचे ते संध्याकाळी यायचे. माशीमांचे गुडघे धरलेले असायचे, पण त्या दिवसातून तीनदा बावीस पायऱ्या चढून वर येत. उसाचा रस, पेजेसारखा मऊ भात, उकडलेली कच्ची पपई. मी खाल्लं नाही तर पलंगाच्या कडेला बसून राहत आणि अजिबात बोलत नसत. शेवटी मीच शरमून खायची. आईला पत्र लिहिलं त्यात मी म्हटलं होतं, काळजी करू नकोस, इथे तुझ्यासारखीच हट्टी बाई मला मिळाली आहे.

माशीमांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक लांबलचक बंदूक टांगलेली होती. माझ्या खांद्याएवढी उंच, काळपट लाकडाची, लोखंडाला तेलाचा हात फिरलेला. त्यांचे यजमान असताना दर वर्षी विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ती उतरवून पुसत आणि तिला फूल वाहत. ते गेल्यावर माशीमा स्वतः ते करत. मला ती जुनी वस्तू म्हणून आवडायची. तिच्यामागे काही कथा असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

ती कथा मला कळली विजयेच्या दिवशी. दुर्गापूजा संपली की बंगाली माणसं एकमेकांकडे जाऊन मोठ्यांच्या पाया पडतात आणि गोड खातात. माशीमांकडे त्यांच्या सासरचे बरेच लोक आले होते. आम्हा दोघांनाही खाली बोलावलं होतं. त्यांचे दीर, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मोठे बोलके गृहस्थ होते. त्यांनी मला बंदुकीसमोर उभं केलं आणि विचारलं, "ही कुणाची, माहीत आहे?"

मी नाही म्हटलं.

"बर्ग्याची! तुमच्या माणसाची!"

मग त्यांनी रंगवून सांगितलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मराठे घोडेस्वार बंगालवर चालून यायचे. त्यांना इथे बर्गी म्हणत. गावंच्या गावं लुटली, जाळली. बर्गी येतील अशी भीती घालून आया मुलांना झोपवू लागल्या, ती रीत अजून आहे. आणि त्यांच्या कुणा पूर्वजाने पानमळ्यात दडून बसून एका बर्ग्याला घोड्यावरून खाली ओढलं आणि त्याची बंदूक हिसकावून घेतली. "आणि बघा," मास्तर सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आता आपली बंदूक परत न्यायला बर्गी वरच्या मजल्यावर येऊन राहिलेत!"

सगळे हसले. हेही हसले. माशीमा हसल्या नाहीत, पण काही बोलल्याही नाहीत. मी संदेशचा तुकडा तोंडात धरून तशीच उभी राहिले.

रात्री मी यांना म्हटलं, "आपली माणसं खरंच असं वागली होती?"

"अगं, थट्टा केली त्यांनी. आणि ते नागपूरकर भोसल्यांचं लष्कर. तुझा कोकणाचा काय संबंध?"

पण मला ते पुरेना. शाळेत आम्ही चौथाई हा शब्द एका वाक्यात शिकलो होतो. ती ज्यांच्याकडून वसूल झाली ते आपल्याला काय म्हणत असतील, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यानंतर मास्तर आले की "काय बर्गी, कशी आहेस?" म्हणायचे. त्यात वाईट हेतू नव्हता. मी मात्र बैठकीत जायचं टाळू लागले. माशीमांकडे गेले तर मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात.

एकाहत्तर सालच्या सुरुवातीची गोष्ट. शहरातले ते दिवस फार अस्वस्थ होते. भिंती नक्षलवाद्यांच्या घोषणांनी भरलेल्या, संध्याकाळी दुकानं लवकर बंद, अधूनमधून कुठेतरी बॉम्बचा आवाज. घरांतून परवान्याच्या बंदुका हिसकावून नेण्याचे प्रकार वाढले होते, म्हणून पोलिसांनी लोकांना आपली हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगितलं होतं. एका सकाळी ठाण्याचे मेजोबाबू, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, आमच्या घरी आले. भला माणूस होता. भिंतीकडे बघून म्हणाले, "माशीमा, हिचा परवाना?"

"हिचा कसला परवाना? ही माझ्या सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीची आहे."

"मग जमा करा. परत केव्हा मिळेल ते मी सांगू शकत नाही."

माशीमा खुर्चीत बसल्या. "माझ्या माणसाचा हात शेवटी हिच्यावर फिरला होता. आजारात अंथरुणावरून उठून त्यांनी ही पुसली होती."

मेजोबाबूंनी टोपी काढली, डोकं खाजवलं. मग म्हणाले की बंदुकांच्या जाणकाराकडून कागद आणा. ही कुठली, किती जुनी आणि उडण्याजोगी आहे की नाही, हे त्यावर असू दे. शोभेची जुनी वस्तू ठरली तर मी साहेबांशी बोलतो. आठ दिवस देतो. रस्त्यात कुणी अडवलं तर दाखवायला त्यांनी एक चिठ्ठीही लिहून दिली.

माशीमांनी मास्तरांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं की अशा दिवसांत बंदूक घेऊन रस्त्यावर निघणं वेडेपणा आहे, देऊन टाका. हे बँकेच्या कामासाठी आसनसोलला गेले होते. माशीमा दोन दिवस मेजोबाबूंच्या चिठ्ठीकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "माशीमा, मी येते. आपण दोघी जाऊ."

असं का म्हटलं? त्या बंदुकीची मला चीडच येत होती. पण ती बावीस पायऱ्या चढून येणारी बाई माझ्यासमोर बसली होती.

आम्ही बंदूक चटईत गुंडाळली, दोन्ही टोकं सुतळीने बांधली आणि टॅक्सीत दोघींच्या मांडीवर आडवी घेतली. एक टोक खिडकीबाहेर. टॅक्सीवाल्याने विचारलं, "चटई कुठे नेताय?" माशीमा म्हणाल्या, "बहिणीकडे." चौरंगी रस्त्यावर एका शिपायाने टॅक्सी थांबवली, आत डोकावला, दोन बायका बघून हात हलवला. चिठ्ठी काढायची वेळच आली नाही.

एस्प्लनेडजवळ बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. काचेची कपाटं रिकामीच होती, सगळा माल ठाण्यात जमा झालेला. मालकाने आमच्या चटईकडे पाहून हात जोडले आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे खिडकीपाशी एक म्हातारे मिस्त्री बसले होते. बिहारमधल्या मुंगेरचे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बंदुका घडवायचं काम. पांढरी दाढी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी माशीमांना स्टूल दिलं. "बसा माई." मला म्हणाले, "तू इकडे ये बेटी, हे टोक धर."

माशीमांनी पूर्ण कथा सांगितली. पानमळा, घोडा, बर्गी. मिस्त्रींनी मान खाली घालून ऐकलं. मग बंदुकीच्या नळीवरून एकदा हात फिरवून म्हणाले, "आधी हिला विचारू या."

ते जे जे करत गेले ते मला सांगत गेले, जणू मी त्यांच्याकडे शिकायलाच आले होते. आधी चापावरचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रावरचा, घोडा मागे ओढला. त्याच्या जबड्यात गारगोटीचा झिजलेला तुकडा होता. "ही तोड्याची बंदूक नाही. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लावतात. ही पथरकला. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, रंजक, म्हणजे बाहेरची चिमूटभर दारू, पेटते." त्यांनी डबीतून नवी गारगोटी काढून बसवली आणि खटका ओढला. खटकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. माशीमा दचकून स्टुलावरून उठल्याच. मिस्त्री लहान मुलासारखे हसले. "एवढ्या वर्षांनी! स्प्रिंग बघा."

"मग बर्ग्यांकडे अशा नव्हत्या?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे बहुतेक तोड्याच्या. पण एखाद्याकडे अशी असूही शकते. नुसत्या एवढ्यावरून सांगता येत नाही."

मग त्यांनी दोन स्क्रू काढून चापाची पट्टी वेगळी केली, चिंधीवर तेल घेऊन हळूहळू घासली. काळ्या मळाखालून एक सिंह वर आला. मागच्या दोन पायांवर उभा, पुढच्या पंजांत मुकुट. मिस्त्रींनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. माशीमांनी विचारलं, "काय आहे ते?"

"कंपनी सरकारचा सिंह, माई. विलायतेतून त्यांच्या फौजेसाठी चाप यायचे, त्यांवर हा ठसा असे. आमच्या मुंगेरची माणसं त्याची नक्कल करायची, पण नकलेतला सिंह कुत्र्यासारखा दिसतो. हा असलीच वाटतो." ते थांबले. "असली असो की नक्कल, हा सिंह छापायला लागले ते अठराशे साल उलटल्यावर. बर्गी त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधीचे."

माशीमा स्टुलावर परत बसल्या. मिस्त्रींनी लगेच जोडलं, "पण कुणी पुढे चाप बदलला असेल. जुन्या बंदुकीला नवा चाप बसवायचे लोक. बाकीची बंदूक जुनी असू शकते." आणि ते माशीमांकडे बघून हसले.

त्यांनी तीन आडवे खिळे काढून नळी उचलली. खालून नळीवर तिरकस वेटोळी दिसत होती. लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळून ठोकली की अशी दिसतात, असं ते म्हणाले. विलायती नळीच्या बुडाशी तपासणीचे ठसे असतात, ते इथे नव्हते. नळी मुंगेरकडची. तीही कधीची, सांगणं कठीण.

मग माझं लक्ष लाकडाकडे गेलं. वरून काळं पडलेलं, पण नळीखालच्या खाचेत, जिथे उजेड आणि तेल पोचलं नव्हतं, तिथे ते पिवळट होतं. मी नखाने जरा खरवडलं. आमच्या घराशेजारी सुताराची पडवी होती. पाट, चौरंग, देव्हारे. शाळेतून आले की मी तिथेच बसायची. तो रंग मी झोपेतही ओळखला असता.

"हे फणसाचं आहे," मी म्हटलं.

"कांठाल?" माशीमांनी विचारलं.

"हो. ताजं असताना हळदीसारखं असतं, मग तांबूस होतं, मग काळं. पण आत असं राहतं."

मिस्त्रींनी भिंग लावून पाहिलं आणि मान डोलावली. बंगालच्या पश्चिमेकडे, वरच्या मुलखात बंदुकीला शिसव किंवा अक्रोड वापरतात, असं ते सावकाश म्हणाले. दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, फणसाचा आहे म्हणजे बंगालातलाच सुतार. आणि चापाची खाच याच चापाच्या मापाने कोरली आहे, दुसरा चाप इथे कधी बसलाच नाही. म्हणजे चाप विलायती, नळी मुंगेरी, लाकूड आणि जोडणी इथली. फार तर दीडशे वर्षं.

खाचेच्या टोकाला काही अक्षरं कोरलेली होती. मिस्त्रींना बंगाली वाचता येत नव्हतं, मलाही नाही. माशीमांनी चष्मा पुसला आणि वाचलं. त्यांच्या सासरच्या गावाचं नाव होतं. त्यापुढे 'काछारी'. त्यापुढे सातचा आकडा.

काछारी म्हणजे जमीनदाराची कचेरी. तिथल्या पहारेकऱ्यांना बंदुका दिलेल्या असत, त्यांवर क्रमांक घातलेले. ही सात नंबरची.

मला वाटलं, या बाईचं मी काय केलं हे! मग माशीमांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मी धावले, तर त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. "पहारेकरी! बौमा, चाळीस वर्षं आम्ही सात नंबरच्या पहारेकऱ्याला फुलं वाहतोय!"

मिस्त्रींनी नळीची काणी, म्हणजे जिथून ठिणगी आत जाते ते भोक, तपासलं. ते गंजून बुजलं होतं आणि नळीला आतून चीरही होती. त्यांनी भोकात एक लोखंडी मेख ठोकून दिली. मग ते सांगत गेले तसं मी इंग्रजीत लिहीत गेले. चाप, नळी, लाकूड, वय, उडण्याजोगी नाही. खाली त्यांनी उर्दूत सही केली आणि मालकाने दुकानाचा शिक्का मारला. मजुरी विचारली तर मिस्त्री म्हणाले, "अशी बंदूक उघडायला मिळाली, तीच मजुरी."

मेजोबाबूंनी तो कागद दोनदा वाचला आणि बंदूक भिंतीवर राहिली.

त्यानंतर मी माशीमांना म्हटलं, मला बंगाली अक्षरं शिकवा. दुपारी जेवणं झाली की आम्ही त्याच बैठकीत पाटी घेऊन बसायचो. मला मागच्या दाराने जायची गरज राहिली नव्हती.

त्या वर्षीच्या विजयेला मास्तर आले, सवयीने म्हणाले, "काय बर्गी!" आणि माशीमा उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर त्यांनी मिस्त्री, सिंह, फणस आणि सात नंबर, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी या मुलीला तुम्ही हसलात आणि मी गप्प बसले. माझ्या घरात, माझ्या सुनेला. ते माझं चुकलं." आणि माझा हात धरला.

मास्तर उठून बंदुकीपाशी गेले. मग हळू आवाजात म्हणाले की त्यांच्या आजोबांनी लहानपणी एकदा काछारीचं सांगितलं होतं. "पण वर्गात मुलांना सांगायला ते फार छोटं वाटायचं हो."

मला राहवलं नाही. मी माझ्या मोडक्या बंगालीत म्हटलं, "बंदूक त्यांची नव्हती. पण बर्गी आले होते, ते खोटं नाही. आमच्या पुस्तकात ते नव्हतं. तुमच्यामुळे मला कळलं."

मास्तरांनी संदेशची ताटली माझ्यापुढे धरली. "आता मी थट्टा कुणाची करू, सांग बघू!" म्हणाले. त्या दिवसापासून तेही मला बौमाच म्हणू लागले.

चौऱ्याहत्तरला यांची नागपूरला बदली झाली. निघण्यापूर्वी मी चकल्यांचा डबा घेऊन मिस्त्रींना भेटायला गेले. ते थकले होते, पण मला ओळखलं. मी मनात बरेच दिवस असलेला प्रश्न विचारला. "मिस्त्रीजी, त्या दिवशी तुम्हाला माईंचं मन राखावंसं वाटलं होतं ना? तुम्ही चाप बदलल्याचं म्हणालात तेव्हा?"

"वाटलं होतं," ते म्हणाले. "म्हणणारच होतो की दस्ता जुना आहे, बर्ग्याचाच असेल. कागदाला त्याने काय फरक पडला असता? पण तू लाकूड ओळखलंस. मग तुझ्यासमोर खोटं कसं बोलू?" आणि थोड्या वेळाने, "बरं झालं, बेटी. माई हसल्या होत्या."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी घाईघाईने पाय मागे घेतले आणि डोक्यावर हात ठेवला.

माशीमा हावडा स्टेशनवर पोचवायला आल्या. नको म्हटलं तरी आल्या, आमच्या ट्रंकेवर बसून राहिल्या आणि गाडी हलेपर्यंत उठल्या नाहीत. त्यानंतर अकरा वर्षं त्यांची पत्रं येत राहिली. बंगालीत, मोठ्या अक्षरांत, मला वाचता यावं म्हणून ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. प्रत्येक पत्राच्या तळाशी एकच शब्द नागरीत असे, जरा वाकडातिकडा: आशीर्वाद. मला वाटायचं, त्यांना नागरी येत असेल. त्या गेल्याचं मास्तरांनी कळवलं, त्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की वहिनींना नागरीचं एकही अक्षर येत नव्हतं. आम्ही गेल्यावर गल्लीतल्या हिंदी शाळेच्या बाईंकडे जाऊन त्यांनी तेवढा एक शब्द गिरवून गिरवून शिकून घेतला होता.